हॅम्बुर्ग ते ऑस्लो : वापरलेल्या विजेच्या गाडीची सीमापार वाट

हॅम्बुर्गहून ऑस्लोला जाणारा रस्ता सुमारे 1,100 किलोमीटरचा आहे. वाटेत जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे हे चार देश लागतात, समुद्रावरचे दोन प्रचंड पूल लागतात आणि जकातीचा नाका मात्र एकच लागतो, तोही अगदी शेवटी, स्वीडन-नॉर्वे हद्दीवर. पहिले तीन देश युरोपीय संघाचे सदस्य आहेत, नॉर्वे नाही. 1994 पासून नॉर्वे युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे, त्यामुळे वाहनांविषयीचे संघाचे बहुतेक तांत्रिक नियम तिथेही चालतात. पण संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेत तो देश नाही. जर्मनीत नोंदलेली गाडी नॉर्वेत यंत्र म्हणून परकी ठरत नाही, करासाठी मात्र पूर्ण परकी ठरते. जर्मनीत वापरलेली विजेची गाडी घेऊन ती नॉर्वेत नेण्याच्या व्यवहारातल्या बहुतेक भानगडी या एका गोष्टीतून निघतात.

हा व्यवहार मुळात फोफावला तो जर्मन सरकारच्या पैशावर. 2020 च्या मध्यापासून 2022 च्या अखेरीपर्यंत जर्मनीत 40,000 युरोपर्यंतच्या मूळ किमतीच्या नव्या विजेच्या गाडीवर सरकार आणि कारखानदार मिळून 9,000 युरोपर्यंत सूट देत. अट एवढीच होती, की गाडी सहा महिने मालकाच्या नावावर राहावी. सहा महिने भरले की गाडी उत्तरेकडे विकायची आणि सूट खिशात टाकायची, ही युक्ती चलाख लोकांच्या लगेच ध्यानात आली. जर्मन करदात्याच्या पैशाने स्वस्त झालेल्या गाड्या डेन्मार्क आणि नॉर्वेच्या रस्त्यांवर धावू लागल्या, तेव्हा जर्मन वर्तमानपत्रांत ओरड झाली. 2023 च्या सुरुवातीला ही मुदत बारा महिन्यांवर नेली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने अंदाजपत्रकाच्या तंगीपायी ती योजनाच एका शनिवार-रविवारात गुंडाळली. सूट गेली, तरी त्या काळात विकल्या गेलेल्या गाड्या आहेतच. भाडेकराराची मुदत संपून परत आलेल्या कंपनी-गाड्यांचे ढीग जर्मन दुकानदारांच्या आवारात उभे असतात आणि परदेशी गिऱ्हाईक तिथेच वळते.

नॉर्वेची बाजू याहून जुनी आणि अधिक रंजक आहे. तिथल्या विजेच्या गाड्यांच्या कथेची सुरुवातच सीमापार आणलेल्या एका गाडीने झाली. 1989 मध्ये बेलोना या पर्यावरणवादी संस्थेचे फ्रेडरिक हाउगे आणि 'आ-हा' या पॉप गटातले मॉर्टन हार्केट व माग्ने फुरुहोल्मेन यांनी स्वित्झर्लंडहून विजेवर चालणारी, बदल केलेली फियाट पांडा नॉर्वेत आणली. ही मंडळी ती गाडी टोलनाक्यावरून पैसे न भरता हाकत. दंडाच्या पावत्या साठल्या, गाडी जप्त झाली, लिलावात निघाली आणि या सगळ्या तमाशाची बातमी घरोघरी पोचली. 1990 मध्ये विजेच्या गाड्यांवरचा नोंदणीकर तात्पुरता माफ झाला, 1997 मध्ये टोल माफ झाला आणि 2001 मध्ये व्हॅटही. नॉर्वेत पेट्रोलच्या गाडीवर करांचा बोजा इतका जबर असतो, की या सवलतींनी बाजाराचे पारडेच फिरवले. 2024 मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी 88.9 टक्के निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या.

सवलतींना पुढे कात्री लागली. 1 जानेवारी 2023 पासून व्हॅटची माफी किमतीच्या पहिल्या 5 लाख क्रोनरपुरतीच उरली. त्यावरच्या रकमेवर 25 टक्के द्यावे लागू लागले. म्हणजे 6 लाख क्रोनरच्या गाडीवर वरच्या एक लाखाचे 25,000. त्याच दिवसापासून विजेच्या गाड्यांनाही वजनाचा कर लागू झाला. गाडीच्या वजनातले 500 किलो सोडून उरलेल्या प्रत्येक किलोला साडेबारा क्रोनर, असा त्या वर्षीचा दर होता. दोन टनी गाडीला हा कर 18,750 क्रोनर पडे. वापरून आलेल्या गाडीला तिच्या वयाप्रमाणे त्यात सूट मिळते. 2025 च्या ऑक्टोबरात सरकारने व्हॅटमाफीची मर्यादा 3 लाखांवर आणण्याचा आणि पुढे ती माफीच काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा गाडी घेण्याआधी चालू वर्षाचे दर पाहणे आलेच. व्हॅटला गाडी सीमेवर पोचते त्या दिवशीचा दर लागतो, सौद्याच्या दिवशीचा नव्हे, आणि डिसेंबर-जानेवारीच्या उंबरठ्यावर हा फरक महाग पडू शकतो.

जर्मनीतली जाहिरात वाचणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. किमतीशेजारी 'व्हॅट वेगळा दाखवता येतो' अशी टीप असली, तर त्या किमतीत 19 टक्के जर्मन व्हॅट दडलेला असतो आणि गाडी संघाबाहेर गेल्याचे सिद्ध झाल्यावर तो सुटतो. 23,800 युरोच्या अशा गाडीची खरी किंमत 20,000 असते. 3,800 परत येतात. तीच गाडी दुकानदाराने एखाद्या खासगी मालकाकडून घेतलेली असेल, तर कर फक्त त्याच्या नफ्यावर लागलेला असतो, पावतीवर तो दिसत नाही आणि परत मागायलाही काही उरत नाही. दोन जाहिरातींत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, दिसायला जुळ्या, किमतीला सारख्या दोन गाड्यांपैकी एक नॉर्वेच्या गिऱ्हाइकाला जवळजवळ सोळा टक्के स्वस्त पडते ती या कारणाने. 'फक्त निर्यात किंवा व्यापाऱ्यांसाठी' असे लिहिलेल्या गाडीपासून साध्या गिऱ्हाइकाने चार हात लांब राहावे. दुकानदाराला ग्राहक कायद्यातली दोषांची जबाबदारी टाळायची असते, म्हणून तो ही मेख मारून ठेवतो.

गाडी निवडताना जर्मनीत न जाणवणाऱ्या पण नॉर्वेत पदोपदी भोवणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली हीट पंप. बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून गाडी उबदार ठेवणारी ही यंत्रणा नसली, तर आतला हीटर बॅटरी पितो आणि उणे तापमानात पल्ला डोळ्यांदेखत आटतो. नॉर्वेसाठी तयार झालेल्या अनेक मॉडेलांत हीट पंप मुळातच बसवलेला असतो, जर्मनीत मात्र तो बहुधा जादा पैसे देऊन घ्यायचा असतो आणि कंपनी-गाड्या मागवणाऱ्या हिशेबनिसाने ते पैसे हमखास वाचवलेले असतात.

दुसरी गोष्ट बॅटरी कोणाची, ही. हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण रेनोने आपली झोए ही छोटी गाडी जर्मनीत कित्येक वर्षे बॅटरी भाड्याने देऊन विकली. गाडी मालकाची, तिच्या पोटातली बॅटरी बँकेची आणि महिन्याचे भाडे वेगळे. भाडे थकल्यास बॅटरीचे चार्जिंग दुरून बंद करण्याचा हक्क करारात लिहिलेला होता. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये ते कलम अवैध ठरवले. निकाल लागला तरी भाडेकरार संपत नाही. जाहिरातीत झोए संशयास्पद स्वस्त दिसली, की आधी हा प्रश्न विचारावा.

तिसरी गोष्ट घरातल्या विजेची आहे, आणि तिच्याबद्दल विकणारा जर्मन काहीच सांगू शकत नाही, कारण ती त्याला ठाऊकच नसते. जर्मन घरात तीन फेजची 400 व्होल्टची जोडणी असते आणि गाडीतला 11 किलोवॉटचा चार्जर त्या तीनही फेज वापरतो, प्रत्येकीवर 16 अँपिअर. नॉर्वेतल्या बहुसंख्य जुन्या घरांत न्यूट्रल तारच नसते. दोन फेजांमध्ये 230 व्होल्ट मिळतात. अशा घरात त्याच चार्जरला एकाच फेजइतकी वीज घेता येते. 16 अँपिअरचा एक फेज म्हणजे 3.7 किलोवॉट. हॅम्बुर्गमध्ये सहा तासांत भरणारी बॅटरी ऑस्लोच्या जुन्या वस्तीत अठरा तास मागते. काही गाड्या एका फेजवर 32 अँपिअर घेऊ शकतात आणि त्यांचे 7.4 किलोवॉट होतात. गाडीच्या तांत्रिक तक्त्यात हा आकडा शोधून काढायला हवा. झोएसारख्या काही गाड्यांनी तर अशा जोडणीवर आरंभी चार्ज व्हायलाच कुरकुर केली होती.

बॅटरीच्या तब्येतीचा दाखला मात्र आता सहज मिळतो. जर्मनीतल्या तपासणी संस्था मूळ क्षमतेपैकी किती टक्के शिल्लक आहे हे मोजून लिहून देतात. बहुतेक कारखानदारांची हमी आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, आणि क्षमता 70 टक्क्यांखाली गेल्यास दुरुस्ती, अशी असते. ही हमी सहसा गाडीबरोबर सीमा ओलांडते, पण तसे कारखानदाराकडून लेखी घेतलेले बरे. आधीच्या मालकाने गाडी आपल्या मोबाइलवरच्या ॲपमधून काढून टाकली आहे ना, हेही किल्ली हातात घेण्याआधी पाहायचे असते. पुष्कळ जण ते विसरतात, आणि मग ऑस्लोत उभ्या गाडीचे दार म्युनिकमधल्या माणसाच्या फोनवरून उघडू शकते.

संघातल्या संघात गाडी नेणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. जर्मनीत गाडी घेऊन नेदरलँड्स किंवा फ्रान्सला नेली, तर सीमाशुल्काचा प्रश्न येत नाही. पण व्हॅट कुठे भरायचा हे गाडीच्या वयावर ठरते. पहिल्या वापराला सहा महिने उलटलेले नसतील किंवा गाडी 6,000 किलोमीटरांहून जास्त चाललेली नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती नवी, आणि व्हॅट जिथे ती नेली त्या देशात. दोन्ही मर्यादा ओलांडल्या असतील तरच ती जुनी. चीनहून संघात येणाऱ्या विजेच्या गाड्यांवर 10 टक्के नेहमीच्या शुल्काखेरीज 30 ऑक्टोबर 2024 पासून जादा शुल्क लागते: शांघायमध्ये बनलेल्या टेस्लाला 7.8 टक्के, बीवायडीला 17, जीलीला 18.8 आणि एसएआयसीला 35.3. नॉर्वेने असे शुल्क लावलेले नाही; तिथे मोटारींवर सीमाशुल्कच नाही, आहेत ते कर. त्यामुळे नवी चिनी गाडी जर्मनीमार्गे आणण्यात नॉर्वेच्या माणसाला काडीचाही अर्थ नाही.

सौदा ठरला की कागदपत्रांची पाळी. जर्मन गाडीची नोंदणी दोन भागांत असते. पहिला भाग गाडीत ठेवायचा, आपल्या आरसी बुकासारखा. दुसरा भाग मालकीचा; तो विकणारा पैसे खात्यात दिसेपर्यंत हातातून सोडत नाही, आणि घेणाऱ्यानेही तो हातात आल्याशिवाय पैसे सोडू नयेत. हा पेच बहुधा दुकानातच, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून, बँकेच्या तत्काळ हस्तांतराने सुटतो. याशिवाय गाडी युरोपीय मानकांनुसार बनली असल्याचे कारखान्याचे प्रमाणपत्र लागते. ते हरवले असेल तर कारखान्याकडून नवे मागवता येते, पैसे आणि आठवडे खर्चून.

मग नंबरप्लेट. निर्यातीच्या जर्मन प्लेटला उजव्या कडेला लाल पट्टी असते आणि त्या पट्टीत मुदत संपण्याची तारीख उभी छापलेली असते. पाच दिवसांची, पिवळ्या पट्टीची तात्पुरती प्लेटही मिळते आणि ती स्वस्त असल्याने मोह होतो. पण ती देशांतर्गत वापरासाठी आहे, प्रत्येक परका देश ती मानेलच असे नाही. लाल पट्टीसाठी नोंदणी कार्यालयात गाडीचे दोन्ही कागद, चालू तांत्रिक तपासणी, ओळखपत्र आणि निर्यातीचा विमा दाखवावा लागतो. या कार्यालयाच्या दारासमोर प्लेट ठोकून देणाऱ्यांची दुकाने ओळीने असतात, जशी आपल्याकडे आरटीओबाहेर एजंटांची टेबले. आतला कारकून क्रमांक देतो, माणूस तो चिठोऱ्यावर घेऊन रस्ता ओलांडतो. दुकानात ॲल्युमिनियमची कोरी पट्टी दाबयंत्रात सरकते, अक्षरे वर उठून येतात, मग तापलेल्या रुळाखालून काळा रंग फक्त उठलेल्या अक्षरांवर चढतो. सगळे मिळून दोन-तीन मिनिटे. पट्टी हाताला गरम लागत असतानाच ती परत कार्यालयात न्यायची, कारकून तिच्यावर सरकारी शिक्का चिकटवतो, आणि तिथपासून ती प्लेट कायदेशीर. प्रस्तुत लेखकाच्या मते जर्मन कार्यालयीन व्यवस्थेतली ही सर्वांत झटपट आणि सर्वांत प्रेक्षणीय गोष्ट आहे.

यापुढचा कागद न दिसणारा, पण सर्वांत मोलाचा. 1,000 युरोंहून अधिक किमतीचा माल संघाबाहेर नेताना जर्मन कस्टम्सकडे संगणकावर निर्यातघोषणा करावी लागते, आणि किंमत 3,000 च्या वर असली तर ती दोन टप्प्यांत: आधी मालाच्या जवळच्या कस्टम्स कार्यालयात, मग प्रत्यक्ष संघाबाहेर पडण्याच्या ठिकाणी. पहिल्या टप्प्यात अठरा अक्षर-अंकांचा एक क्रमांक आणि त्याचा बारकोड असलेला कागद मिळतो. दुसऱ्या टप्प्यात तो बारकोड वाचला जातो आणि 'माल बाहेर गेला' अशी नोंद जर्मनीत परत पोचते. या नोंदीशिवाय 19 टक्के व्हॅट सुटत नाही. बहुतेक दुकानदार आधी पूर्ण किंमत घेतात आणि नोंद आल्यावर कराची रक्कम परत पाठवतात. घोषणा दुकानदार किंवा त्याचा एजंट करतो, त्याचे काही पैसे घेतो. घेणाऱ्याने एकच पाहायचे: संघाबाहेर पडण्याचे ठिकाण म्हणून आपण ज्या वाटेने जाणार आहोत तेच घातले आहे ना.

वाटा तीन आहेत. किएलहून रोज दुपारी दोनला सुटणारे जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला थेट ऑस्लोत लागते. माणूस रात्रभर झोपतो आणि सकाळी गाडीसह पोचतो, थंडीत हा मार्ग सर्वांत सुखाचा. डेन्मार्कच्या उत्तर टोकावरच्या हिर्त्सहाल्सहून लार्विकची फेरी घेता येते. तिसरी वाट पूर्ण रस्त्याची. चौथी म्हणायची तर स्वतः न जाता गाडी ट्रकवर चढवून पाठवायची. त्यात आंतरराष्ट्रीय रस्तावाहतुकीच्या 1956 च्या कराराचा दस्तऐवज बनतो, आणि माल ताब्यात घेताना दिसणारा ओरखडा तिथल्या तिथे त्यावर लिहून घ्यावा लागतो. न दिसणाऱ्या नुकसानीसाठी रविवार आणि सुट्ट्या वगळून सात दिवस मिळतात. ट्रकचालक घाईत असतो, पाऊस पडत असतो, गाडी चिखलाने माखलेली असते. तरी टॉर्च घेऊन चारही बाजूंनी फिरल्याशिवाय सही करू नये.

समुद्रावर विजेच्या गाडीकडे अजून जरा संशयाने पाहिले जाते. जुलै 2023 मध्ये नेदरलँड्सच्या आमेलांड बेटाजवळ फ्रीमँटल हायवे या मोटारवाहू जहाजाला आग लागली. त्यावर 3,783 वाहने होती, त्यांतली 498 विजेची. जहाजावरचे खलाशी भारतीय होते आणि त्यांपैकी एक जण प्राणाला मुकला. त्याआधीच, त्या वर्षीच्या जानेवारीत, नॉर्वेच्या किनाऱ्याने प्रवासी नेणाऱ्या हाविला कंपनीने आपल्या जहाजांवर विजेच्या गाड्या घ्यायचे बंद केले होते. किएल-ऑस्लोच्या जहाजावर मात्र त्या रोज जातात.

रस्त्याने जाणारा हॅम्बुर्गमध्ये एल्बे नदीखालच्या बोगद्यात शिरतो आणि बहुधा तिथेच पहिल्यांदा अडकतो. पुढे किएल कालव्यावरचा उंच पूल, मग फ्लेन्सबुर्ग. जर्मनीतल्या प्रत्येक वाहनाची नोंद आणि प्रत्येक बेशिस्त चालकाचे दंडगुण याच गावातल्या केंद्रीय कार्यालयात जमा होतात, म्हणून जर्मन माणूस या गावाचे नाव काढले की किंचित दचकतो. डेन्मार्कच्या हद्दीवर 2016 पासून पासपोर्ट पाहिला जातो, गाडीचे कागद क्वचितच.

या वाटेवर विजेच्या गाडीची एक गंमत अनुभवाला येते. जर्मन महामार्गाच्या बऱ्याच भागात वेगाला मर्यादा नाही, आणि ताशी 150 ने पळणारी गाडी बॅटरी भसाभसा खाते. डेन्मार्कमध्ये मर्यादा 130, स्वीडनमध्ये 110 ते 120, नॉर्वेत जास्तीत जास्त 110 आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी. उत्तरेला जावे तसा वेग उतरतो आणि उन्हाळ्यात तरी पल्ला वाढत जातो. चार्जिंगसाठी सगळीकडे एकच प्लग चालतो, भारतातल्या नव्या गाड्यांना असतो तोच सीसीएस-2. जुन्या निसान लीफचा शाडेमो प्लग मात्र वेगळा, आणि त्याची जागा नव्या स्थानकांवर आक्रसत चालली आहे. 13 एप्रिल 2024 पासून संघात नव्या जलद चार्जरवर साधे बँक कार्ड चालले पाहिजे असा नियम आहे. त्याआधी प्रत्येक कंपनीचे वेगळे ॲप, वेगळे कार्ड आणि वेगळी नोंदणी यांनी प्रवाशाच्या नाकी नऊ येत. बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत भरून निघावे; पुढच्या वीस टक्क्यांना चार्जिंग इतके मंदावते, की तेवढ्या वेळात पुढचे स्थानक गाठून होते.

जटलंडहून फ्यून बेटावर आणि तिथून ग्रेट बेल्ट ही सामुद्रधुनी ओलांडून झीलंडवर जायचे. ग्रेट बेल्टचा रस्ता 1998 मध्ये खुला झाला. त्याच्या पूर्वेकडच्या झुलत्या पुलाचे मधले अंतर 1,624 मीटर आहे. समोरून वारा असला, की इथे पल्ल्याचा आकडा सरळ घसरताना दिसतो. कोपनहेगनच्या पुढे ओरेसुंडची सामुद्रधुनी: आधी चार किलोमीटरचा बोगदा, मग पेबरहोल्म हे समुद्रात भराव घालून केलेले बेट, मग जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल, आणि समोर माल्मो. 1 जुलै 2000 रोजी तो खुला झाला. दोन्ही पुलांचा टोल घसघशीत आहे आणि खर्चाच्या हिशेबात तो धरायला लोक विसरतात. ओरेसुंडच्या पुलाऐवजी हेल्सिंगोरहून हेल्सिंगबोर्गला वीस मिनिटांच्या फेरीनेही जाता येते. तिथल्या टिको ब्राहे आणि ऑरोरा या फेऱ्या स्वतःच बॅटरीवर चालतात. धक्क्याला लागताच एक यांत्रिक हात पुढे येतो आणि प्रवासी चढेउतरेपर्यंत जहाज चार्ज होते.

स्वीडनमधला ई-6 महामार्ग सरळ, रुंद आणि कंटाळवाणा आहे. गोटेबोर्ग सोडल्यावर मात्र खडक वर येऊ लागतात, झाडी दाटते आणि तानुमपाशी रस्त्यालगतच कांस्ययुगातली खडकचित्रे आहेत: होड्या, बैल, हातात कुऱ्हाडी घेतलेली माणसे. 1994 पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि तासभर थांबण्याजोगी आहेत. हद्दीच्या अलीकडे नोरब्यूचा अवाढव्य बाजार लागतो. स्वस्त मांस, मिठाई आणि दारू यांसाठी नॉर्वेचे लोक सीमा ओलांडून इथे येतात, त्यामुळे चार्जरच्या रांगाही त्यांच्याच गाड्यांनी भरलेल्या असतात.

त्यानंतर स्विनेसुंड. 2005 मध्ये, स्वीडन-नॉर्वे फारकतीला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, इथल्या खाडीवर नवा कमानी पूल झाला. पूल ओलांडताच नॉर्वेचा कस्टम्स नाका. हिरव्या पट्ट्यातून जाणाऱ्या गाड्या थांबत नाहीत, आणि लाल पट्टीची प्लेट लावलेल्या गाडीने त्यांच्या मागे वाहत जाणे हा या प्रवासातला सर्वांत महाग अपराध आहे. लाल मार्गाने जाऊन गाडी स्वतःहून जाहीर करायची. 1959 च्या करारामुळे स्वीडन आणि नॉर्वेचे कस्टम्स अधिकारी सीमेवर एकमेकांची कामे करतात. म्हणून संघाबाहेर पडल्याची नोंद आणि नॉर्वेत शिरल्याची नोंद इथे एकाच आवारात उरकते. खरेदीची पावती, नोंदणीचे दोन्ही भाग आणि बारकोडचा कागद खिडकीपाशी द्यायचा. आतला माणूस चॅसी नंबर कागदावरून पाहतो, किंमत विचारतो, वाहतुकीचा खर्च त्यात मिळवतो. व्हॅटमाफीच्या मर्यादेतली विजेची गाडी असेल तर तिथे भरायला काही उरत नाही. नॉर्वेत राहणाऱ्याला परदेशी प्लेटची गाडी तिथे मनमानी फिरवता येत नाही. तेव्हा जाहीर केल्याचा कागद गाडीतच ठेवावा आणि वाटेत रेंगाळू नये.

पुढचे टप्पे शांतपणे, आपल्या गावी होतात. रस्ते प्रशासनाच्या तपासणी केंद्रावर वेळ घेऊन गाडी न्यायची. चॅसी नंबर, दिवे, टायर आणि कारखान्याचे प्रमाणपत्र पाहून ते गाडी मान्य करतात. नॉर्वेत हिवाळी टायरची नक्षी किमान 3 मिलिमीटर खोल लागते, आणि जर्मन उन्हाळी टायरवर नोव्हेंबरात आलेल्या गाडीला इथे आणखी एक खर्च वाट पाहत असतो. मान्यता झाली, की करखाते वजनाचा कर आणि मोडीत काढण्याचे शुल्क काढते. ते भरले, विमा उतरला, की प्लेट मिळते. विजेच्या गाड्यांचे क्रमांक ईएल या अक्षरांनी सुरू होत. ती संपल्यावर ईके, ईव्ही अशा जोड्या आल्या. लाल पट्टीची जर्मन प्लेट तेव्हा उतरते.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या बैठकीत हमखास निघणाऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: परत येताना ही गाडी भारतात आणता येत नाही. वापरलेल्या मोटारीची आयात मुंबई बंदरातूनच होते, गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे लागते. जर्मनी आणि नॉर्वे दोन्ही डाव्या स्टिअरिंगचे देश.

राहिला प्रश्न हा खटाटोप परवडतो का, याचा. नॉर्वेत दुकानदाराकडून घेतलेल्या गाडीतल्या मूळ दोषाबद्दल पाच वर्षांपर्यंत तक्रार करता येते. जर्मन दुकानदार वापरलेल्या गाडीसाठी ही जबाबदारी एका वर्षावर आणू शकतो, आणि त्या वर्षात बिघाड झालाच तर भांडण हजार किलोमीटरांवरून, जर्मन भाषेत. नॉर्वेत आता वापरलेल्या विजेच्या गाड्या गल्लोगल्ली विकायला असतात, त्या हीट पंपासह आणि हिवाळी टायरांसह. टोल, फेरी, विमा, प्लेट, एजंट, वजनाचा कर आणि स्वतःचे दिवस धरून जर्मन गाडी किमान दहा टक्के स्वस्त पडत नसेल, तर प्रस्तुत लेखकाचा सल्ला सरळ आहे: गाडी ऑस्लोत घ्या. नॉर्वेच्या बाजारात न मिळणारे मॉडेल हवे असेल आणि पावतीवर व्हॅट वेगळा दिसत असेल, तेवढ्यापुरतीच हॅम्बुर्गची वाट खरी फायद्याची आहे.